बालरुग्णालये, साथ आणि मुलांचे मन

लहान मूल रुग्णालयात दाखल होते तेव्हा त्याच्यावर दोन आघात होतात. एक आजाराचा आणि दुसरा घरापासून तुटण्याचा. पहिल्याची नोंद रुग्णपत्रिकेत होते. दुसऱ्याची बहुधा होत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांत आईवडिलांना मुलाची भेट आठवड्यातून एखाद्या ठरावीक वेळीच घेता येत असे. यामागे निष्ठुरपणा होता असे नव्हे. घटसर्प, गोवर, डांग्या खोकला यांचा संसर्ग बाहेरून आत येईल, ही भीती खरी होती. शिवाय आई येऊन गेली की मूल आक्रोश करते आणि ती आलीच नाही तर चार दिवसांत ‘रुळते’, असा परिचारिकांचा अनुभव होता.

अनुभव खरा होता. त्याचा लावलेला अर्थ मात्र चुकीचा होता. हे दाखवून दिले ते लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये जॉन बोल्बी यांच्यासमवेत काम करणाऱ्या जेम्स रॉबर्टसन यांनी. १९५२ साली त्यांनी एक चित्रपट तयार केला. सुमारे अडीच वर्षांची लॉरा एका साध्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहते, एवढाच त्याचा विषय. लॉरा फारशी रडत नाही. ती रडू आवरून धरते, आणि आई भेटीला आली की तिच्यापासून तोंड फिरवते. आधी निषेध, मग निराशा आणि शेवटी अलिप्तता, अशा तीन अवस्थांतून मूल जाते, असे रॉबर्टसन यांचे प्रतिपादन होते. ज्याला रुळणे म्हटले जात होते ती वस्तुतः दुसरी किंवा तिसरी अवस्था होती. रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनपुढे हा चित्रपट दाखविण्यात आला तेव्हा उपस्थित डॉक्टर व परिचारिकांपैकी अनेकजण संतापले. तरीही १९५९ मध्ये सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने भेटीवरील निर्बंध उठवावेत आणि लहान मुलांसोबत आईलाही राहू द्यावे, अशी शिफारस केली. ती सर्वत्र अमलात येण्यास पुढे कित्येक वर्षे लागली.

हा जुना इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की, ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ही महासाथ असल्याचे जाहीर केले, आणि त्यानंतर पाहता पाहता रुग्णालयांची दारे पुन्हा मिटली. अनेक बालरुग्णालयांत एका मुलाजवळ एकच पालक, तोही शक्यतो न बदलता, असा नियम झाला. भावंडांना प्रवेश नव्हता. खेळघरे बंद झाली, कारण खेळणी हातोहाती फिरतात. मानसोपचार विभागांत जिथे दोन मुले एका खोलीत राहत तिथे एकच ठेवावे लागले, आणि खाटा घटल्या. मुलांचे गट करून दिले जाणारे उपचार थांबले. मुखपट्टीमुळे डॉक्टरचा चेहरा दिसेनासा झाला. मोठ्यांना ही गैरसोय वाटली असेल, पण जे मूल शब्दांपेक्षा चेहरा वाचते त्याच्या दृष्टीने समोरचा माणूसच नाहीसा झाला. यावर एक साधा उपाय अगोदरच उपलब्ध होता. इबोलाच्या साथीत, २०१५ च्या सुमारास, मेरी बेथ हेफर्नन या कलावतीने लायबेरियात डॉक्टर-परिचारिकांच्या संरक्षक पोशाखावर त्यांचे हसऱ्या चेहऱ्याचे छायाचित्र चिकटविण्याची पद्धत सुरू केली होती. २०२० मध्ये काही रुग्णालयांनी ती उचलली.

भारतातील सरकारी रुग्णालयांत मुलाच्या खाटेशी आई असतेच; ती तिथेच जेवते, तिथेच जमिनीवर झोपते. ही प्रथा बालमानसशास्त्राच्या अभ्यासातून आलेली नाही, परिचारिकांच्या टंचाईतून आली आहे. पण प्लॅट समितीला जे हवे होते ते या टंचाईने अनायासे दिले होते. म्हणूनच मूल बाधित आणि आई निरोगी, किंवा याच्या उलट स्थिती असली की, विलगीकरणाचा प्रश्न येथे विशेष बिकट होई.

बाह्यरुग्ण विभागांपुढची अडचण निराळी होती. ज्यांचे उपचार चालू होते अशी मुले एकाएकी येईनाशी झाली. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचे साधन उरले ते दूरध्वनीचे आणि चलत्चित्र-संभाषणाचे. अमेरिकेत मार्च २०२० पासून गोपनीयतेच्या नियमांची अंमलबजावणी शिथिल करण्यात आली, आणि नियंत्रित औषधेही प्रत्यक्ष तपासणीवाचून लिहून देण्याची तात्पुरती मुभा मिळाली. भारतात २५ मार्च २०२० रोजी, म्हणजे टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. तोवर या पद्धतीला स्पष्ट नियमांचा आधारच नव्हता. मात्र मादक व मनःप्रभावी द्रव्यांच्या कायद्याखाली येणारी औषधे दुरून लिहून देण्यास या तत्त्वांनी मनाई केली. अवधानाच्या अभावावर व अतिचंचलतेवर दिले जाणारे मिथाइलफेनिडेट त्यांत मोडते. दुरुपयोगाची भीती निराधार नव्हती. परंतु ज्या मुलाचे औषध संपले त्याला रुग्णालय गाठण्यावाचून गत्यंतर राहिले नाही, आणि वाहतूक तर बंद होती.

पडद्यावरच्या भेटीचे गुणदोष लौकरच कळून आले. घराबाहेर पडण्याचे भय असलेल्या किशोराला स्वतःच्या खोलीतून बोलणे सोपे गेले. दूरच्या गावच्या कुटुंबाचा प्रवास आणि मजुरीचा खाडा वाचला. उलट चार-पाच वर्षांचे मूल पडद्यासमोर स्थिर बसत नाही; त्याच्याशी बोलावे लागते ते खेळातून, आणि खेळ जमिनीवर बसून होतो. मोठ्या मुलांच्या बाबतीत प्रश्न एकांताचा होता. एका खोलीत सहा माणसे राहतात आणि घरात एकच भ्रमणध्वनी आहे, तिथे ‘तुला घरात कोणाची भीती वाटते का?’ या प्रश्नाला उत्तर कसे मिळणार? मूल ‘ठीक आहे’ म्हणते आणि गप्प होते. अनुभवी समुपदेशकांनी त्यावर युक्त्या काढल्या: उत्तर केवळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असेल असेच प्रश्न विचारणे, धोक्याचा खुणेचा शब्द आधी ठरवून ठेवणे, मुलाला गच्चीवर किंवा अंगणात जाऊन बोलण्यास सांगणे.

आकड्यांचे मौनही असेच फसवे ठरले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांच्या अहवालानुसार एप्रिल ते ऑक्टोबर २०२० या काळात तातडीच्या विभागांत आलेल्या मुलांपैकी मानसिक कारणांसाठी आलेल्यांचे प्रमाण २०१९ च्या तुलनेत ५ ते ११ वर्षे वयोगटात सुमारे २४ टक्क्यांनी आणि १२ ते १७ वयोगटात ३१ टक्क्यांनी वाढले. हे आकडे जपून वाचावे लागतात. त्या महिन्यांत इतर आजारांसाठी येणारी मुले फार घटली होती, त्यामुळे प्रमाण फुगले. प्रारंभी तर मानसिक कारणांसाठी येणाऱ्यांची प्रत्यक्ष संख्याही कमीच झाली होती. मुले बरी झाली म्हणून ती घटली, असे कोणी मानले असते तर तो लॉराच्या परिचारिकांचाच न्याय झाला असता. याच काळात छळ व हेळसांड यांमुळे तातडीच्या विभागात आणलेल्या मुलांची संख्या घटली, पण त्यांपैकी दाखल करून घ्यावे लागलेल्यांचे प्रमाण वाढले. कारण उघड आहे. मुलाच्या अंगावरचा वळ प्रथम पाहतो तो बहुधा शिक्षक, आणि शाळा बंद होत्या.

मौन फुटले ते पुढच्या वर्षी. फेब्रुवारी-मार्च २०२१ मधील चार आठवड्यांत १२ ते १७ वर्षांच्या मुलींच्या आत्महत्येच्या संशयित प्रयत्नांमुळे झालेल्या भेटी २०१९ मधील त्याच काळापेक्षा ५०.६ टक्क्यांनी अधिक होत्या. मानसोपचाराच्या खाटा अपुऱ्या असल्याने मुले तातडीच्या विभागातच, दिवे न मालवणाऱ्या खोल्यांत, कित्येक दिवस खोळंबून राहिली. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ, बालमानसचिकित्सक आणि बालरुग्णालये यांच्या संघटनांनी मिळून राष्ट्रीय आणीबाणी घोषित केली. काही रुग्णालयांनी खोळंब्याच्या काळातच उपचार सुरू करण्याचा मार्ग पत्करला: दिनक्रम आखून देणे, रोज समुपदेशकाची भेट, आणि घरी गेल्यावर कोणती शस्त्रे व औषधे कुलपात ठेवावीत याची पालकांशी सविस्तर चर्चा.

भारतात या काळात बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या साहाय्याने ‘संवाद’ हा उपक्रम हाती घेतला. बालगृहांतील कर्मचारी, शिक्षक, बालकल्याण समित्यांचे सदस्य अशा मुलांजवळ असणाऱ्या मोठ्या माणसांना प्रशिक्षण देण्यावर त्याचा भर आहे. बालमानसचिकित्सक मोजकेच असलेल्या देशात हा मार्ग अधिक व्यवहार्य आहे, यात शंका नाही. १० ऑक्टोबर २०२२ रोजी १४४१६ या क्रमांकाची ‘टेली-मानस’ सेवा सुरू झाली. ती सर्व वयांसाठी आहे. दाराशी पोहोचू न शकणाऱ्याला तिचा आधार मिळतो. मात्र दूरध्वनी करण्याइतके शब्द ज्या मुलाजवळ नाहीत, त्याच्यासाठी तो क्रमांक दुसऱ्या कोणालातरी फिरवावा लागतो.