मनगटावरील घड्याळ कीं बोटांतील अंगठी?

आषाढांत तुकोबारायांची पालखी बेलवाडीचें रिंगण आटोपून लासुर्ण्याकडे येते, तेव्हां हल्लीं कांहीं वारकऱ्यांच्या मनगटावर पावलें व नाडी मोजणारें घड्याळ दिसतें. तेंच काम करणारी अंगठीही आतां बाजारांत मिळते. या दोहोंपैकीं कोणती वस्तु घ्यावी, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

घड्याळानें प्रकृति जोखण्याची कल्पना जुनी आहे. जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्यानें नाडी मोजण्याकरितां बरोबर एक मिनिट चालणारें घड्याळ करवून घेतलें व त्यावरील आपला ग्रंथ इ. स. १७०७ मध्यें प्रसिद्ध केला. आजचें यंत्र निराळ्या रीतीनें चालतें. तें त्वचेवर बारीक प्रकाश टाकतें. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालील रक्त कमीजास्त होतें, व त्या मानानें परत येणारा प्रकाशही बदलतो. ते बदल मोजले कीं नाडी कळते. घड्याळांत बहुधा हिरवा प्रकाश असतो, अंगठींत पुष्कळदां तांबडा व डोळ्यांस न दिसणारा अवरक्त. बोटांतील रक्तवाहिन्या त्वचेस जवळ असल्यामुळें तेथें नाडी चांगली लागते. पावलें मात्र हाताच्या हालचालीवरून मोजलीं जातात. तेव्हां उभ्यानें टाळ वाजविणाराचींही कांहीं पावलें यंत्रानें मोजलीं, तर नवल मानूं नये!

झोपेची नोंद पाहिजे असल्यास अंगठी सोयीची. ती रुतत नाहीं आणि एकदां भारलेली बॅटरी कित्येक दिवस पुरते. तथापि दोन्ही यंत्रें झोपेचा अंदाजच करतात, कारण मेंदूचें काम त्यांस दिसत नाहीं. अंगठीवर आंकडे पाहतां येत नाहींत, त्यासाठीं मोबाईल जवळ लागतो. कांहीं घड्याळांवर दुसऱ्या हाताचें बोट टेंकविलें असतां हृदयाचा विद्युत्-आलेख निघतो. परंतु हृदयविकाराचा झटका त्यावरून ओळखतां येत नाहीं. छातींत कळ आली असतां घड्याळ पाहत बसूं नये, तडक दवाखाना गांठावा.

नीरा डाव्या कालव्याच्या बागायतींत राबणाऱ्या हाताला आम्ही अंगठी सुचविणार नाहीं. फावड्याच्या दांड्यावर ती घासते, आणि कडबाकुट्टींत अडकली तर बोटच जावयाचें. यंत्राजवळ घड्याळही काढून ठेवावें हें खरें, पण पट्टा सोडणें सोपें. सुजलेल्या बोटांतून अंगठी निघत नाहीं.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सुई न टोंचतां रक्तांतील साखर सांगतों, अशी जाहिरात करणारीं घड्याळें व अंगठ्या विकल्या जातात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें फेब्रुवारी २०२४ मध्यें स्पष्ट बजाविलें कीं, अशा रीतीनें स्वतः साखर मोजणारें एकही घड्याळ वा अंगठी त्यानें मान्य केलेली नाहीं. दंडावर टोंचून बसविलेल्या यंत्राचा आंकडा घड्याळावर दिसणें ही गोष्ट वेगळी. मधुमेही मनुष्यानें खोट्या आंकड्यावर विसंबून इन्शुलिन अधिक घेतलें, तर साखर एकाएकीं उतरून तो बेशुद्ध पडेल, प्रसंगीं कांहीं तासांतच प्राणासही मुकेल. ज्या घरीं असा रोगी आहे, तेथें बोटाच्या थेंबावर साखर पाहण्याचें यंत्र व त्याच्या पट्ट्या प्रथम आणाव्या; पैसे उरल्यास मग घड्याळाच्या दुकानांत जावें.