विश्लेषण : मॅन्युअल गाडीचे ‘ॲव्हरेज’ चाकणच्या वाटेवर का घसरते?

निगडी, भोसरी, मोशीहून चाकण एमआयडीसीत स्वतःच्या गाडीने कामावर जाणाऱ्यांची एक तक्रार कायमची असते. कंपनीने सांगितलेले ॲव्हरेज गाडी कधीच देत नाही. त्यात पेट्रोलने शंभरी ओलांडून बराच काळ लोटला. जाऊन-येऊन रोज ५० किलोमीटर आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर १,२५० किलोमीटर होतात. लिटरला १४ किलोमीटर मिळाले तर ८९ लिटर पेट्रोल लागते, १७ मिळाले तर साधारण ७४ लिटर. म्हणजे महिन्याला दीड हजार रुपयांचा फरक. यातला काही भाग रस्त्याचा दोष आहे, काही भाग चालकाच्या डाव्या पायाचा आणि उजव्याही.

कंपनीचा आकडा येतो कुठून?

मोटारींच्या इंधन चाचण्या ज्या संस्थांत होतात, त्यांतली सर्वांत परिचित ‘एआरएआय’ पुण्यातच, कोथरूडच्या वेताळ टेकडीवर आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या नावानेच शोरूममधला आकडा सांगितला जातो. ही चाचणी रस्त्यावर नाही, रोलरवर होते. गाडी जागच्या जागी धावते आणि चालक समोरच्या पडद्यावरची वेगाची रेषा पाळत जातो. चाचणी २० मिनिटांच्या आतली, कमाल वेग ताशी ९० किलोमीटर, एसी बंद. गिअर कोणत्या वेगाला बदलायचा हेही आधीच ठरलेले. या चाचणीत तळेगाव चौक नाही, मध्येच वळणारा कंटेनर नाही आणि पाळी सुटल्यावरची बसगाड्यांची रांगही नाही. त्यामुळे तो आकडा खोटा नसतो. तो दोन गाड्यांची तुलना करण्यासाठी असतो. घरखर्चाच्या हिशेबात तो धरू नये, इतकेच.

गिअर लवकर टाकावा की उशिरा?

लवकर. पेट्रोल इंजिनात हवा आत घेण्याच्या वाटेवर एक झडप असते. ॲक्सिलरेटर जेमतेम दाबलेला असतो तेव्हा ती जवळपास बंद असते आणि त्या फटीतून हवा ओढण्यातच इंजिनाची ताकद खर्च होते. गाडी तिसऱ्यात, इंजिन तीन हजार फेऱ्यांवर आणि पाय हलका, ही म्हणूनच सर्वांत महागडी स्थिती. त्याच वेगाला चौथा गिअर टाकला तर फेऱ्या कमी होतात, झडप जास्त उघडते आणि घर्षणही घटते. सपाट रस्त्यावर पेट्रोल गाडीत दोन हजार फेऱ्यांच्या आसपास आणि डिझेलमध्ये त्याहून थोडे आधी वरचा गिअर टाकावा. मात्र अतिरेक नको. गाडी धडधडू लागली, ठोक्यासारखा आवाज आला, तर ती खालचा गिअर मागते आहे.

उतारावर ‘न्यूट्रल’ केल्याने पेट्रोल वाचते?

आपल्याकडचा हा सर्वांत चिवट समज. कार्ब्युरेटरच्या जमान्यात त्यात थोडे तथ्य होते. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकेच इंजिन फिरवतात आणि संगणक इंधन पूर्ण बंद करतो. फेऱ्या खूप खाली आल्यावरच ते पुन्हा सुरू होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला पेट्रोल जळतच राहते. पुढे सिग्नल लाल दिसला तर गिअरमध्येच पाय काढून गाडी येऊ द्यावी. घाटात न्यूट्रल करणे तर जिवावरचा खेळ आहे. इंजिनाचा अटकाव जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. चावीच बंद करणाऱ्याचा ब्रेक दोन-तीन दाबांनंतर दगडासारखा होतो, स्टिअरिंगही जड होते.

मग कोंडीत काय करायचे?

उभ्या गाडीचे इंजिन तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल पिते; एसी चालू असेल तर वरच्या आकड्याकडे. रोज २० मिनिटे उभे राहिले तरी महिन्याला चार ते आठ लिटर. अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबावे लागणार हे दिसत असेल, तर इंजिन बंद करावे. रांग सरकत असेल तर पुढच्या गाडीला चिकटू नये. थोडे अंतर सोडून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये संथ चालत राहिले की ब्रेक कमी लागतो. प्रत्येक ब्रेक म्हणजे आधी जाळलेल्या पेट्रोलची उष्णता करून टाकणे. त्या अंतरात कुणीतरी गाडी घुसवणारच, घुसवू द्यावी. चढावर अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरण्याऐवजी हँडब्रेक लावावा, क्लचप्लेटचा खर्च पेट्रोलहून मोठा असतो.

नाशिक फाटा ते खेड हा ३० किलोमीटरचा उन्नत मार्ग केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये ७,८२७ कोटी रुपये खर्चासह मंजूर केला. रोजचा प्रवास अजून खालच्याच रस्त्याचा आहे.

टायर, वेग आणि ई-२०

हवा किती हवी हे बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर लिहिलेले असते. ती सकाळी, टायर थंड असताना तपासावी. चाकणहून परतताना पंपावर दाब वाढलेला दिसतो आणि हवा पुरेशी आहे असे वाटते. द्रुतगती मार्गावर ८० ऐवजी १०० ने गेल्यास हवेचा विरोध दीडपटीहून अधिक होतो. तेथे खिडक्या उघडण्यापेक्षा एसी परवडतो.

ई-२० पेट्रोलचा परिणामही खरा आहे. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या रचनेच्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्के, तर ई-२० साठी जुळवलेल्या गाड्यांसाठी एक ते दोन टक्के घट अपेक्षित धरली होती. लिटरला तीन किलोमीटर कमी पडत असतील, तर सगळा दोष इथेनॉलवर टाकता येणार नाही.

फरक पडला हे कसे मोजावे?

डॅशबोर्डवरील आकडा अंदाज म्हणून ठीक. खरा हिशेब टाकी ते टाकी. नोझल आपोआप बंद होईपर्यंत पेट्रोल भरून किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा. टाकी बरीच रिकामी झाल्यावर त्याच पंपावर तसेच पुन्हा भरावे आणि धावलेले किलोमीटर भरलेल्या लिटरने भागावेत. एका टाकीवर निष्कर्ष नको. आधीच्या सवयीच्या दोन आणि नव्या सवयीच्या दोन टाक्या, त्याही त्याच रस्त्यावर.