घरफाळ्याचा कोड कोणाच्या मालकीचा?

वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याभोवतालची सत्तर गावं संगणकानं जोडायची, असं १९९८ साली ठरलं. काही गावं कोल्हापूर जिल्ह्यातली, काही सांगलीतली. प्रकल्पाचं नाव 'वायर्ड व्हिलेज'. खर्चातला निम्मा वाटा केंद्राचा, चाळीस टक्के राज्याचा आणि दहा टक्के वारणेच्या सहकारी संस्थांचा. तांत्रिक बाजू एनआयसीकडे, म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे होती. इंटरनेट अजून शहरांतही नवलाईचं होतं, त्या काळात तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या या परिसरात शेतकऱ्यानं गावच्या केंद्रावर बसून उसाची नोंद पाहावी, बाजारभाव पाहावा, सरकारी दाखला मिळवावा, असा तो बेत होता.

पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी या केंद्रांचा अभ्यास केला. तेव्हा संगणक मुख्यतः उसाच्या हिशेबापुरते वापरले जात होते. बाकीचे बेत मागे पडले होते. मग त्यांनी सात गावांत संगणक बाजूला ठेवून साध्या मोबाइलच्या एसएमएसवर तेच काम करून दाखवलं. या अनुभवावरून 'खेड्यात संगणक चालत नाही' असा निष्कर्ष काढणारे बरेच निघाले. मला तो पटत नाही. उसाचा हिशेब टिकला, कारण त्याला मालक होता. कारखाना सभासदांचा, हिशेब सभासदांचा, आणि तो चुकला तर जाब विचारणारेही सभासदच. दाखले आणि बाजारभाव यांची रोज काळजी घेणारं मात्र वारणेच्या खोऱ्यात कोणीच नव्हतं.

ही मालकीची बाब आज प्रत्येक ग्रामपंचायतीला, नगरपरिषदेला आणि महापालिकेला लागू आहे. कोल्हापूर जिल्ह्यात बारा तालुके, हजाराहून अधिक ग्रामपंचायती. कोल्हापूर महापालिका १९७२ पासूनची, तर इचलकरंजीची २०२२ मध्ये झालेली. शिवाय जयसिंगपूर, कागल, गडहिंग्लज, मुरगूड, कुरुंदवाड, मलकापूर अशा नगरपरिषदा. पन्हाळ्याची वस्ती २०११ च्या जनगणनेत तीन हजारांच्या आसपास होती, पण नगरपरिषद तिथेही आहे. या सगळ्यांची कामं थोड्याफार फरकानं तीच: घरफाळा, पाणीपट्टी, जन्म-मृत्यू नोंद, बांधकाम परवाना, तक्रारी. एका प्रकारच्या संस्थांना कायदाही तोच. तरी प्रत्येक ठिकाणी वेगळी निविदा, वेगळी प्रणाली, वेगळा देखभालीचा करार. एकच काम लोकांच्या पैशातून पुन्हा पुन्हा विकत घेतलं जातं, आणि विकत घेऊनही ते आपलं होत नाही.

ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा विचार इथे करायचा. त्याला मुक्तस्रोत असंही म्हणतात. एखादी प्रणाली कशी चालते हे सांगणारा मूळ मजकूर म्हणजे सोर्स कोड. तो पाहायची, वापरायची, बदलायची आणि बदललेली प्रत दुसऱ्याला द्यायची मुभा ज्या परवान्यात असते, ते सॉफ्टवेअर ओपन सोर्स. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला, लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीचा गाभा लिहिला, आणि आज जगातले बहुतेक सर्व्हर त्यावर चालतात. फुकट मिळणं हा यातला दुय्यम भाग आहे. बसवायला, शिकवायला, सांभाळायला पैसे लागतातच. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बिघडलेलं इंजिन उघडून, दोष शोधून, सुटा भाग बनवून बसवणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. इंजिनाचं झाकण सीलबंद असतं आणि ते फक्त मूळ कंपनीनंच उघडायचं असतं, तर हे शहर अभियांत्रिकीचं शहर झालंच नसतं. ग्रामपंचायतीच्या संगणक प्रणालीचं झाकण मात्र आपण सीलबंद चालवून घेतो.

ते झाकण बंद असल्यानं काय होतं, ते जवळून पाहू. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही. मिळकत क्रमांक, मालकाचं नाव, भोगवटादाराचं नाव, बांधकामाचा प्रकार, क्षेत्रफळ, आकारलेला कर. घराचा उतारा म्हणून लोक हाच मागतात. २०१५ च्या अखेरीस राज्यानं ग्रामपंचायत कराचे नियम बदलले आणि आकारणी भांडवली मूल्यावर आली. म्हणजे जमिनीचा वार्षिक दर, बांधकामाचा दर, घसारा, इमारतीच्या वापरानुसार भारांक हे सगळं सूत्रात आलं. हे सूत्र प्रणालीत कसं घातलं आहे, घसाऱ्याचे टप्पे बरोबर धरलेत का, हे पाहायचं तर सोर्स कोड पाहावा लागतो. तो करार करणाऱ्या संस्थेकडेच नसेल, तर सरपंच, ग्रामसेवक आणि ज्याच्या घरावर कर बसला तो नागरिक, तिघांनीही पडद्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा. करआकारणी हा सार्वजनिक अधिकार आहे. तिचं गणित खासगी असू नये.

याच नोंदवहीत दुसरी अडचण फॉन्टची. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारं मानक, रुळायच्या आधीच्या बऱ्याच सरकारी नोंदी जुन्या फॉन्टमध्ये आहेत. अशा फाइलमध्ये संगणकाच्या लेखी मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजी चिन्हं असतात, आणि तो फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार काढून दाखवतो. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच यादी उघडली की सगळा गिचमिड मजकूर. 'पाटील' शोधा म्हटलं तर सापडत नाही, नावं अकारविल्ह्यानं लागत नाहीत. कोणा गावाची वीस-पंचवीस वर्षांची आकारणी अशा फाइलींत अडकली, तर ती प्रणालीच्या कंपनीच्या हाती अडकल्यासारखीच असते. युनिकोड आणि खुले फॉन्ट यांनी हा प्रश्न सोडवला आहे. लोहित देवनागरी हा खुला फॉन्ट पुण्यातल्या रेड हॅटच्या मंडळींनी वर्षानुवर्षं जोपासला. लिब्रेऑफिस हे कार्यालयीन कामाचं खुलं सॉफ्टवेअर मराठीतून वापरता येतं, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात त्याचे धडे मराठी आवाजात आहेत, मोफत.

राज्यानं २०११ मध्ये 'संग्राम', म्हणजे संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र, ही योजना आणली आणि गावोगावच्या ग्रामपंचायतींत संगणक परिचालक बसू लागले. २०१६ पासून 'आपले सरकार सेवा केंद्र' आलं. एप्रिल २०२० मध्ये केंद्राचं ई-ग्रामस्वराज आलं. योजना बदलली की पडदा बदलतो, पासवर्ड बदलतात. नमुना १ ते ३३ मात्र तेच राहतात. गावाच्या नोंदींची पूर्ण प्रत गावाच्याच हातात खुल्या स्वरूपात असेल, तर योजना कितीही बदलल्या तरी ग्रामपंचायतीचं काही अडत नाही. या साखळीत सर्वांत जास्त काम करणारा आणि ज्याच्या मानधनाचा प्रश्न वारंवार आंदोलनापर्यंत जातो तो संगणक परिचालक. प्रणालीवर कोट्यवधी खर्च करून तिच्यापुढे बसलेल्या माणसाला अस्थिर ठेवणं हे मला या सगळ्यातलं सर्वांत चुकीचं धोरण वाटतं.

कागदावर धोरण चांगलं आहे. मार्च २०१५ मध्ये केंद्र सरकारनं ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचं धोरण जाहीर केलं. निविदेत ओपन सोर्सचा विचार करणं बंधनकारक, आणि कोणी तो वगळला तर कारण द्यायचं, असं त्यात आहे. त्याआधी २०१० मध्ये खुल्या मानकांचं धोरण आलं होतं. पण २०१५ चं धोरण केंद्राच्या कार्यालयांना लागू. राज्यांनी स्वीकारलं तरच त्यांना. आणि नगरपरिषदेच्या निविदेचा मसुदा बहुधा शेजारच्या गावाच्या जुन्या निविदेवरून उतरवलेला असतो. तिथे धोरण पोचत नाही.

तयार सामग्रीही आहे. नंदन नीलेकणी आणि श्रीकांत नाधमुनी यांनी २००३ मध्ये बंगळुरूत ई-गव्हर्नमेंट्स फाउंडेशन सुरू केलं. नगरपालिकांची नेहमीची कामं सांभाळणारा 'डिजिट' हा त्यांचा मंच ओपन सोर्स आहे. आंध्र प्रदेशातल्या शंभरावर शहरांनी आणि पंजाबातल्या नगरपालिकांनी त्यावर आधारलेल्या प्रणाली चालवल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय शहरी डिजिटल मिशन सुरू झालं, आणि त्यातलं 'उपयोग' हे व्यासपीठ डिजिटवरच उभं आहे. मालमत्ता कर, पाणी, परवाने, तक्रारी यांचे तयार भाग त्यात आहेत. गडहिंग्लज किंवा कागलसारख्या नगरपरिषदेला शून्यापासून काही लिहून घ्यायची गरज नाही. स्थानिक नियम बसवायचे आणि चालवायचं. बसवणारी कंपनी इथलीच असू शकते, आणि तिचं काम पटलं नाही तर पुढच्या वर्षी दुसरी नेमता येते. खासगी कोडवर हे जमत नाही. तिथे कंपनी बदलायची म्हणजे सारं पुन्हा पहिल्यापासून.

एखादी लहान स्थानिक संस्था काय करू शकते, याचं मला सर्वांत भावणारं उदाहरण न्यूझीलंडमधलं आहे. लेविन हे तिथल्या होरोव्हेनुआ जिल्ह्यातलं लहानसं गाव. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या ट्रस्टची जुनी प्रणाली २००० सालाचा आकडा पेलणार नव्हती, आणि नवी विकत घेणं परवडत नव्हतं. त्यांनी काटिपो या छोट्या कंपनीकडून १९९९ मध्ये नवी लिहून घेतली, जानेवारी २००० मध्ये सुरू केली आणि जीपीएल या खुल्या परवान्याखाली जगाला देऊन टाकली. ती म्हणजे 'कोहा'. तिच्या दुरुस्त्या पुढे जगभरातून होत राहिल्या आणि त्या लेविनलाही मिळत राहिल्या. महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांची ग्रंथालयं आज कोहावर चालतात. त्या ट्रस्टनं कोड स्वतःपुरता ठेवला असता, तर त्यातली प्रत्येक दुरुस्ती त्यांना एकट्यानं विकत घ्यावी लागली असती.

सगळीकडे असं सुरळीत झालेलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेनं २००३ मध्ये लिनक्सकडे वळायचं ठरवलं, २०१३ पर्यंत सुमारे पंधरा हजार संगणक बदलले, आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे जायचा ठराव केला. सल्लागारांच्या अहवालात दोष मुख्यतः विखुरलेल्या संगणक विभागांकडे आणि कारभाराच्या रचनेकडे दाखवला होता. २०२० मध्ये नव्या सत्ताधारी आघाडीनं पुन्हा खुल्या कोडचं तत्त्व मान्य केलं. जर्मनीतल्याच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यानं २०२४ मध्ये तीस हजार संगणकांवर लिब्रेऑफिस आणायचं जाहीर केलं. इटलीत तर कायदाच आहे: सार्वजनिक संस्थेनं स्वतःसाठी लिहून घेतलेलं सॉफ्टवेअर खुल्या परवान्यानं इतर संस्थांना द्यायचं. आपल्याकडे असा एक कायदा झाला तर निम्मं काम होईल, असं माझं ठाम मत आहे.

सुरक्षिततेचा आक्षेप हमखास येतो. कोड उघडा म्हणजे नागरिकांची माहिती उघडी, असा समज आहे. तो चुकीचा आहे. गणित कसं होतं हे खुलं राहतं. कोणाची किती थकबाकी हे कुलूपबंदच राहतं. मात्र खुल्या प्रणालीलाही वेळच्या वेळी सुधारणा लागतात, आणि त्या न केल्यास ती तितकीच धोक्यात येते. म्हणून सांभाळणारा माणूस हवाच. शिवाजी विद्यापीठात संगणकशास्त्र शिकवलं जातं, जिल्ह्यात अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, आणि दरवर्षी पदव्या घेऊन मुलं पुण्याच्या गाडीत बसतात. त्यांच्यातल्या काहींना आपल्या तालुक्याच्या प्रणालीवर काम करता येईल, इतकं हे काम मोठं आहे.

पुराचं काम त्यातलंच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ मध्ये पुन्हा शहरात शिरली. शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्याखाली होती. पाणी किती फुटांवर गेलं की कोणती गल्ली, कोणती शाळा, जनावरांचा कोणता गोठा बुडतो, हा नकाशा क्यूजीआयएस या मुक्त प्रणालीवर आणि ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर ग्रामपंचायतीलाही करता येतो. इंडोनेशियानं असंच केलं. जकार्ताच्या प्रभागांची माहिती ओपनस्ट्रीटमॅपवर भरली आणि पुराचा फटका किती लोकांना बसेल हे काढणारं 'इनासेफ' क्यूजीआयएसला जोडलं. पूररेषेचा नकाशा नुसत्या चित्राच्या स्वरूपात असेल तर त्यावर असं काही करता येत नाही. तो खुल्या स्वरूपात प्रत्येक ग्रामपंचायतीला मिळाला पाहिजे.

आणखी एक निकडीची गोष्ट. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. सरकारी कार्यालयांतले कितीतरी धडधाकट संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. ते भंगारात काढण्याआधी त्यांवर लिनक्स घालून पाहावं. सी-डॅक या सरकारी संस्थेचं 'बॉस' हे लिनक्स २००७ पासून आहे, मराठीसह.

वाचकांकडे मागणं एवढंच. येत्या ग्रामसभेत, किंवा तुमच्या नगरसेवकाला लेखी, विचारा: आपल्या प्रणालीचा सोर्स कोड करारानुसार कोणाचा आहे, आणि करार संपला तर सगळ्या नोंदी युनिकोडमध्ये, खुल्या स्वरूपात आपल्याला परत मिळतील का? माहिती अधिकारात अर्ज केला तर व्यापारी गोपनीयतेचं कारण पुढे येऊ शकतं. त्याविरुद्ध अपील करा. करार नव्यानं होणार असेल तर या दोन अटी निविदेत घालायला लावा. आणि मिळालेलं उत्तर प्रोसिडिंग बुकात लिहून घ्या.