पेनीची झीज आणि पेनीचा रंग

ज्या अमेरिकी एक सेंटच्या नाण्याला रोजच्या बोलण्यात पेनी म्हणतात, त्यावर अब्राहम लिंकन यांची मुद्रा त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, म्हणजे १९०९ मध्ये आली. या लिंकन सेंटची अनेक जुनी नाणी आजही अल्प किमतीत मिळत असल्याने नवखे संग्राहक बहुधा त्यांच्याकडेच वळतात. मात्र झीज आणि रंग या दोन स्वतंत्र बाबी आहेत, हे ध्यानात न आल्याने चकाकते तेच उत्तम समजून फसतातही.

आधी झीज पाहावी. हाताळणीत नाण्याचा सर्वांत उंच भाग प्रथम घासला जातो, आणि लिंकन सेंटवर तो म्हणजे दर्शनी बाजूवरील गाल व जबडा, तर १९५८ पर्यंतच्या नाण्यांच्या मागील बाजूस गव्हाच्या दोन ओंब्यांवरील बारीक रेषा. ओंब्यांची नुसती बाह्याकृती उरली असेल, तर नाणे पुष्कळ हातांतून गेलेले असते; रेषा न् रेषा सुटी दिसत असेल आणि गालावरची मूळ झळाळीही अखंड असेल, तर ते व्यवहारात आलेच नसावे. हा दर्जा १ ते ७० अंकांत सांगतात. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये लिंकन सेंटहून जुन्या, आकाराने मोठ्या सेंटसाठी मांडलेली ही श्रेणी पुढे सर्वच नाण्यांना लागू झाली, आणि तिच्यात ६० पासूनचे अंक न वापरलेल्या नाण्यांसाठी राखलेले आहेत.

रंगाचे गणित निराळे. टाकसाळीतून निघालेले तांबे नारिंगी-लाल असते आणि हवा, ओलावा व गंधकाच्या संपर्काने तपकिरी होत जाते. म्हणून व्यापारी रेड, रेड-ब्राउन आणि ब्राउन असे तीन वर्ग करतात. मूळ लाली साधारण ९५ टक्के टिकलेले नाणेच रेड ठरते आणि त्याला भावही चढा मिळतो. तपकिरी रंग हा मात्र दोष नव्हे. उलट न झिजलेले तपकिरी नाणे नवख्यासाठी सर्वांत शहाणपणाची खरेदी म्हणता येईल.

खरा दोष कृत्रिम लालीचा. तांब्याचा हंडा चिंचेने घासणाऱ्या घरात नाणेही तसेच उजळण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, पण त्याने पृष्ठभागाचा सूक्ष्म थर निघतो आणि नाण्याचे मोल घसरते. एका दिव्याखाली नाणे कडेने धरून हळूहळू कलते केले, की मूळ झळाळी चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते; घासलेले नाणे एकसारखे गुलाबीसर दिसते आणि अक्षरांच्या खाचांत काळपट मळ उरलेला असतो.

वर्षाचेही भान हवे. युद्धामुळे तांब्याची निकड भासल्याने १९४३ चे सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे निघाले, त्यामुळे त्या करड्या नाण्यांना वरील रंगवर्ग लागू पडत नाहीत; त्या वर्षाचे तांबूस नाणे कोणी दाखवलेच, तर प्रथम लोहचुंबक लावावा. १९८२ मध्ये तांब्याचे आणि जस्ताचे असे दोन प्रकारचे सेंट निघाले, आणि ते ओळखण्यास तराजू पुरतो: तांब्याचे नाणे ३.११ ग्रॅम भरते, तर तांब्याचा पातळ मुलामा दिलेले जस्ताचे २.५ ग्रॅम.