जुन्या ट्रकचे बूच आणि नेमका पाना

ट्रकचा गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल, म्हणजे वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा दंतचक्रांचा संच, यांतील तेल बदलण्यासाठी भरण्याचे व निचऱ्याचे अशी दोन बुचे साधारणतः असतात. त्यांपैकी भरण्याचे बूच नेहमी आधी उघडावे, कारण जुने तेल सोडून दिल्यावर ते गच्च अडकलेले आढळले, तर नवे तेल भरण्याचा मार्गच बंद होतो आणि वाहन जागीच अडकून पडते.

अनेक जुन्या बुचांच्या माथ्यावर चौकोनी खाच असते. तिच्यात रॅचेटचे अर्धा इंची किंवा तीन अष्टमांश इंची टोक बसते खरे, परंतु त्याच्या कडा उतरत्या असल्याने पकड उथळ राहते आणि जोर लावताच खाचेचे कोपरे झिजतात. म्हणून खाचेतील चिखल व गंज खरवडून, माप घेऊन, तळापर्यंत पोहोचणारी भरीव पोलादी चौकोनी चावी वापरणे श्रेयस्कर ठरते. बाहेर आलेल्या षटकोनी माथ्यासाठी सहा कोनी गोटी पानाच हवा, कारण बारा कोनी पान्याचा भार केवळ कोपऱ्यांवर येतो.

काही बुचांचे आटे निमुळते असल्याने ती पाचरीप्रमाणे घट्ट रुततात. अशा वेळी गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू द्यावे, माथ्यावर हातोडीचे मोजके ठोके द्यावेत आणि मगच लांब दांडीने सावकाश जोर लावावा.