निरोप पोचला, नोंद झाली नाही

जबलपूरच्या नेपियर टाउनमध्ये राहून मी औषधदुकानांच्या बिलिंग सॉफ्टवेअरच्या तक्रारी सोडवते. सगळ्यात जास्त येणारा फोन ठरलेला: "मैडम, कस्टमर का पैसा कट गया, हमारे यहाँ पेंडिंग दिखा रहा है." काउंटरवर ग्राहक आणि दुकानदार एकमेकांकडे संशयाने बघत असतात. बहुतेकदा दोघेही खरं बोलत असतात.

क्यूआर कोड स्कॅन केला की ग्राहकाची बँक, २०१६ पासून चालू असलेली यूपीआय यंत्रणा, दुकानदाराची बँक, पेमेंट सेवा आणि शेवटी दुकानातलं सॉफ्टवेअर एकमेकांना निरोप पाठवू लागतात. त्यांत रक्कम, व्यवहार क्रमांक, वेळ, निकाल आणि बहुधा पाठवणाऱ्याची डिजिटल सही असते. घोळ शोधायचा तर तो मूळ निरोपच उघडून वाचावा लागतो. 'पेंडिंग' म्हणजे फक्त एका टोकाची समजूत.

गेल्या पावसाळ्यात एका अपडेटनंतर एका दुकानाची सगळीच पेमेंटं अडकायला लागली. मी एक निरोप उघडला. सही बरोबर. रक्कम ४५०००, पेमेंट सेवा ती पैशांत लिहीत होती, म्हणजे ४५० रुपये, तेही बरोबर. वेळ होती ०६:१२ आणि शेवटी 'झेड' हे अक्षर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ; आपल्याकडे तेव्हा ११:४२ झाले होते. नव्या अपडेटने झेड वाचलाच नाही. निरोप साडेपाच तास शिळा समजून टाकून दिला, आणि पाठवणाऱ्याला मात्र '२००' हा आकडा कळवला: मिळालं. '५००', म्हणजे 'इथे बिघाड झाला', कळवला असता, तर पेमेंट सेवेने तोच निरोप पुन्हा पाठवला असता. पाकिटाची पोच दिली, पत्र वाचलंच नाही. याचा मला खरोखर राग येतो, कारण तोवर कितीतरी लोकांनी दुसऱ्यांदा पैसे भरले होते.

म्हणून आलेला प्रत्येक निरोप जपून ठेवावा असा माझा आग्रह असतो, पण झाकून. यूपीआयचा पिन फोनमध्येच कूटबद्ध होतो, दुकानापर्यंत येत नाही. मोबाइल नंबर आणि औषधांची यादी मात्र बिलिंगच्या निरोपांत येते, आणि कोण कसल्या गोळ्या घेतं हे तक्रार सोडवणाऱ्या माणसाला कळायचं काही कारण नाही.

दुकानात पैसे अडकले तर पुन्हा भरण्याआधी यूपीआयचा १२ आकडी संदर्भ क्रमांक दाखवा; त्यावरून व्यवहार शोधता येतो. खात्यातून पैसे गेले पण दुकानदाराला पोचल्याची खात्री झाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या नियमाप्रमाणे ते पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.