लंगोटावर वॉटरप्रूफ कव्हर : गादी कोरडी राहते, बाळाचं काय?

उज्जैन : शिंद्यांची राजधानी १८१० मध्ये ग्वाल्हेरला हलली, तरी मराठी घरं उज्जैनला राहिली आणि बाळंतविड्यातली दुपटी-लंगोटही राहिली. शेजारी त्यांना 'पोतडे' म्हणतात, एवढाच फरक. जुन्या मऊ सुती कापडाचा लंगोट आणि खाली रबरी कापड, अशी पूर्वीची सोय. आता त्या लंगोटावर टिचबटणांचं वॉटरप्रूफ कव्हर चढवतात.

ही कल्पना जुनीच आहे. अमेरिकेतल्या मॅरियन डोनोव्हान यांनी १९४० च्या दशकात न्हाणीघराच्या पडद्याचं कापड शिवून असं कव्हर केलं. १९५१ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. आजच्या कव्हरला बहुधा वरून पॉलिस्टर आणि आतून पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो.

कव्हर शोषत नाही

शू शोषतो तो लंगोट. कव्हर फक्त ती बाहेर येऊ देत नाही. म्हणजे गादी कोरडी, पण बाळ ओलंच. पूर्वी दुपटं भिजलं की लगेच कळायचं, आता कळत नाही. इथेच घोटाळा होतो. ओल आणि उकाडा एकत्र आले की त्वचा नरम पडते, लाल होते, कधी बुरशीही धरते. उज्जैनला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तर जास्तच जपावं लागतं.

काय करावं?

- दर दोन-तीन तासांनी लंगोट बदला. शी झाली तर लगेच.
- लंगोटाची कड कव्हरबाहेर डोकावू देऊ नका. वातीला तेल चढतं तशी ओल बाहेर येते.
- मांडीला इलॅस्टिकचे वळ उठले तर टिचबटण सैल करा.
- घरी असताना दिवसातून थोडा वेळ बाळाला उघडं ठेवा.
- शी लागलेलं कव्हर धुवाच. नुसतं ओलसर असेल तर पुसून, वाळवून पुन्हा चालतं.
- लंगोट गरम पाण्यात धुवून उन्हात वाळवा. कव्हर मात्र उकळू नका, इस्त्री करू नका; थर सुटतो.
- लंगोटाला फॅब्रिक सॉफ्टनर नको. कापड कमी शोषतं.

लाली दोन-तीन दिवसांत उतरली नाही, फोड किंवा पू दिसला, ताप आला तर घरगुती उपाय थांबवून बालरोगतज्ज्ञांना दाखवा.